शाळेचे दार आणि गोवर

जून महिना उजाडला की भिवंडीच्या बाजारपेठेत वह्या, दप्तरे, गणवेश आणि छत्र्या यांच्या खरेदीची एकच झुंबड उडते. मुलाला कोणत्या शाळेत घालावे, माध्यम कोणते घ्यावे, शिकवणी कोणाची लावावी, याची चर्चा घरोघर रंगते. या साऱ्या तयारीत एक लहानसे कार्ड मात्र बहुधा कपाटाच्या तळाशीच पडून राहते. मुलाच्या जन्मानंतर त्याला कोणकोणत्या लसी टोचल्या, याची नोंद असलेले ते कार्ड होय. मूल शाळेचा उंबरठा ओलांडते त्या दिवशी हे कार्ड कोणी पाहते काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न भिवंडीने तरी क्षुल्लक मानू नये. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, मालेगाव आणि आपली भिवंडी या ठिकाणी गोवराने थैमान घातले आणि त्यात कोवळी बालके दगावली. कोरोनाच्या काळात नित्याचे लसीकरण विस्कळीत झाले होते. त्याची किंमत आपण अशी मोजली. पुढे त्या डिसेंबरात आणि २०२३ च्या जानेवारीत विशेष मोहिमा निघाल्या, घरोघर शोध झाला. आग लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार नव्हता काय?

“गोवर सर्वांनाच येतो आणि जातो,” असे म्हणणारे सुशिक्षित लोक आजही भेटतात. हा समज घातक आहे. गोवरातून न्यूमोनिया, अतिसार, क्वचित मेंदूज्वरही उद्भवतो. आणि पूर्वी झालेल्या रोगांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही तो बव्हंशी पुसून टाकू शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू सुमारे दोन तास हवेत टिकतात. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच रोग पसरू लागतो. म्हणजे केवळ साधी सर्दी म्हणून वर्गात बसलेले मूल शेजारच्या बाकाला तो देऊन मोकळे झालेले असते. म्हणूनच शंभरांतील पंचाण्णव मुले संरक्षित असल्याशिवाय ही साखळी तुटत नाही. साठ मुलांच्या वर्गात सहा मुले असंरक्षित राहिली, तरी तटाला भगदाड पडलेच म्हणावयाचे!

सरकारी वेळापत्रकानुसार गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. नवव्या महिन्यातील एका मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांनाच संरक्षण लाभते; दुसरी मात्रा अनिवार्य आहे ती त्यासाठीच. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील पूरक मात्रा पाचव्या-सहाव्या वर्षी, तर धनुर्वात-घटसर्पाची दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यावयाची असते. या तिन्ही वेळी मूल शाळेच्या वयाचे असते. पाळण्यातल्या बाळाची लस आठवणीने देणारे कितीतरी पालक नेमक्या याच मात्रा विसरतात.

येथे मध्यमवर्गाच्या एका सवयीविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. साथ आली की यंत्रमागाच्या वस्त्यांकडे बोट दाखवावयाचे आणि आपण नामानिराळे राहावयाचे! उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली ही कुटुंबे या नगरीचे माग चालवितात. जितके कापड तितकी मजुरी, असा तेथला हिशेब; दवाखान्यात घालविलेला दिवस म्हणजे बुडालेला दिवस. अशा आईबापांना अज्ञानी ठरविण्यापूर्वी लसीकरणाच्या वेळा त्यांच्या पाळ्यांशी जुळतात काय, हे कोणी पाहिले आहे काय?

म्हणूनच आमची सूचना अशी की, प्रवेशाच्या वेळी प्रत्येक शाळेने कार्ड पाहावे. पण ते कोणाला परत पाठविण्यासाठी नव्हे. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाचे दार उघडे ठेवले आहे व ते तसेच राहिले पाहिजे. ज्यांच्या मात्रा राहिल्या असतील, त्यांची यादी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जावी आणि पालकांची संमती घेऊन लस शाळेतच टोचली जावी. हे अशक्य नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत महाराष्ट्राच्या शाळाशाळांतून लस टोचली गेलीच होती.

दुसरी गोष्ट आजारी मुलाची. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस मिळावे म्हणून तापाने फणफणलेल्या मुलाला औषध पाजून शाळेत धाडणे, ही विद्येची भक्ती नव्हे. औषधाविना ताप उतरून चोवीस तास लोटेपर्यंत मूल घरीच असावे. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस आणि कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा वर्ज्य मानावी. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘अ’ जीवनसत्त्व अवश्य द्यावे. शाळांनी अशा रजेला गैरहजेरीचा कलंक लावू नये आणि कारखानदारांनी आजारी मुलाच्या आईबापांना सवड द्यावी.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातील ती पहिली यशस्वी लस. १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. जिला आपण देवीचा कोप मानून हात जोडले, ती व्याधी माणसाच्या चिकाटीने गेली. मग गोवराला नशीब म्हणून का सोसावे? यंदा दप्तर भरताना कपाटाच्या तळाचे ते कार्ड आधी बाहेर काढा आणि ते पाहण्याचा आग्रह शाळेकडे धरा. शेजारच्या वस्तीतील मूल सुरक्षित झाल्यावाचून आपले मूल सुरक्षित होणार नाही, एवढे या नगरीने ओळखले तरी पुरे!