कच्चा कैदी आणि त्याचे घर

आमच्या या रत्नागिरी शहरात एक तुरुंग आहे, ही गोष्ट शहरवासीयांच्या सहसा ध्यानीमनी नसते. बाहेरगावचा पाहुणा आला म्हणजे तेवढी तिची आठवण होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांना 1921 साली अंदमानातून हिंदुस्थानात आणल्यावर येथे ठेवले होते, हे आपण त्याला अभिमानाने सांगतो आणि पुढे थिबा राजवाड्याकडे वळतो. परंतु तुरुंगाच्या दारापाशी हातात कापडी पिशवी घेऊन मुलाकतीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांकडे आपली दृष्टी जात नाही. गेलीच तर ती चटकन दुसरीकडे वळते. आज आम्ही जे लिहिणार आहोत ते या माणसांविषयी.

ही माणसे शहरातील क्वचितच असतात. समजा, गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या एखाद्या खलाशाला मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली, त्याला न्यायालयीन कोठडी मिळाली आणि येथे आणण्यात आले. गोपाळगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या त्याच्या बायकोला नवऱ्याचे तोंड पाहायचे असेल, तर पहाटे उठून प्रथम गुहागर गाठावे लागते, तेथून चिपळूण, चिपळुणाहून महामार्गाने हातखंबा आणि मग रत्नागिरी. एका बाजूचाच प्रवास शंभर किलोमीटरांहून अधिक. तवसाळ-जयगड फेरीबोटीची वाट जवळची खरी, पण ती ज्याच्या हाताशी वाहन आहे त्याला. जायला-यायला मिळून दिवस मोडतो, दिवसाची मजुरी बुडते, तिकिटाला पैसे लागतात ते वेगळेच. आणि एवढे करून ती दारी पोहोचली की ओळखीचा कागद अपुरा पडावा, वेळ टळून गेलेली असावी, किंवा आपला माणूस आजच तारखेसाठी न्यायालयात नेला आहे असे ऐकावे! जाळीपलीकडून होणाऱ्या चार शब्दांच्या भेटीसाठी हा सारा खटाटोप. तो व्यर्थ आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी तुरुंगातील माणसाला त्या चार शब्दांचे मोल विचारावे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्या बोलीत ‘कच्चा कैदी’ आणि ‘पक्का कैदी’ असे दोन शब्द आहेत. पक्क्या कैद्याचा अपराध शाबीत झालेला असतो. कच्च्या कैद्याचा खटला चालायचा असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो निरपराधच असतो. 2022 सालच्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांत तीन! परक्या सरकारने केलेल्या 1894 च्या तुरुंग कायद्यातदेखील कच्च्या कैद्यास घरचे अन्न, कपडे आणि अंथरूण तपासणीअंती घेता येईल, असे कलम घातले होते. पुढे 1981 साली फ्रान्सिस कोराली मुलिन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धाचा आपल्या कुटुंबीयांस व वकिलास भेटण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला. तेव्हा भेट ही कोणा अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे.

अंजनवेलचे नाव आम्ही केवळ उदाहरणादाखल घेतले असे कोणी समजू नये. या पंचक्रोशीला अटक आणि कोठडी म्हणजे काय ते पुरते ठाऊक आहे. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात 1997 साली अंजनवेल, वेलदूर, रानवी या परिसरातील माणसे मोठ्या संख्येने पकडली गेली. त्या वर्षीच्या 3 जूनला भल्या पहाटे, पुरुष मंडळी मासेमारीस गेली असताना, पोलीस वेलदुरातील घरांत शिरले आणि स्त्रियांना मारहाण करून पकडून नेले, असे अॅम्नेस्टी इंटरनॅशनल व ह्यूमन राइट्स वॉच या संस्थांनी आपल्या अहवालांत नमूद केले आहे. प्रकल्प योग्य की अयोग्य हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. काळाने त्याचा निकाल आपल्या परीने लावला आहे. आमच्या मनात येते ते एवढेच, की होड्या किनाऱ्याला लागल्यावर त्या पुरुषांच्या तोंडी पहिला प्रश्न कोणता आला असेल? आमच्या बायकांना नेले कोठे, हाच ना? ज्याला अटक होईल त्याच्या एका आप्ताला किंवा मित्राला ताबडतोब कळवले पाहिजे, असा दंडक डी. के. बसू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये, म्हणजे या घटनेच्या जेमतेम सहा महिने आधी घालून दिला होता. कैद्याचा घराशी असलेला धागा तुटू नये याची काळजी अशी अटकेच्या पहिल्या घटकेपासून घ्यावयाची असते.

हा धागा किती चिवट असतो आणि राज्यकर्ते तो किती सहज तोडू शकतात, याच्या खुणा आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात जागोजाग आहेत. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात असतानाच 1912 मध्ये सत्यभामाबाई गेल्या. अखेरची भेट नाही. (त्याच वेळी मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत बंदिवान म्हणून दिवस कंठीत होता, हा दैवाचा विचित्र खेळ.) अंदमानात सावरकरांस वर्षाकाठी एक पत्र धाडण्याची मुभा होती, घरच्या माणसांना भेटीची परवानगी मिळाली ती 1919 साली, आठ वर्षांनी, आणि तोवर बाबारावांच्या पत्नी येसूवहिनींनी डोळे मिटले होते.

परकीय राजवट जाऊनही हा प्रश्न सुटला नाही. प्रभाकर संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असताना त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. ते छापण्यासाठी आपल्या पत्नीकडे पाठवू द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. अणूविषयीच्या मराठी पुस्तकाने देशाच्या संरक्षणास काय धोका पोहोचणार होता ते सरकारच जाणे; पण सरकारने नकार दिला आणि हस्तलिखित तुरुंगाबाहेर जाऊ देण्यासाठी प्रकरण 1965 साली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. तेथे सरकार हरले. पुढे आणीबाणीत राजापूरचे खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यास, अशी स्थिती झाली. दोघांनी एकमेकांना दोनशेच्या आसपास पत्रे लिहिली. तपासनिसाच्या नजरेखालून जाणाऱ्या त्या कागदांवर त्यांचा संसार दीड वर्ष चालला.

पण ही झाली मोठ्यांची कथा. त्यांच्यामागे पक्ष असतो, वकील असतात, त्यांच्या पत्रांचे पुढे संग्रह निघतात. अंजनवेलच्या खलाशामागे त्याच्या बायकोवाचून दुसरे कोणी नसते. तिचे येणे हे त्याच्या केवळ मनाला आधार देणारे असते असेही नाही. त्याची सुटकाच बहुधा तिच्या पायपिटीवर अवलंबून असते. न्यायालयाने जामीन मंजूर केला तरी जामीनदार कोण उभा करणार? सातबारा कोण काढणार, ऐपतीचा दाखला तहसील कचेरीतून कोण आणणार? 1978 सालचे मोतीराम या गवंड्याचे प्रकरण वकिलांना पाठ असते. खालच्या न्यायालयाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला, आणि त्याचा भाऊ पुढे आला तर त्याची मिळकत परजिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो निर्णय फिरवला. आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमान्वये, फाशी वा जन्मठेपेस पात्र गुन्हे सोडून, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे, आणि तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याचे कर्तव्य तुरुंगाधिकाऱ्यावर आहे. तरतूद चांगली आहे. पण ज्याच्या घरचे कोणी विचारपूस करीत नाही त्याच्या दिवसांचा हिशोब कोण ठेवील, याविषयी आम्ही साशंक आहोत.

आणि घरच्यांनी तरी कोणाच्या बळावर विचारपूस करावी? आमच्या कोकणात गावकीचा धाक अजून पुरता ओसरलेला नाही. नवरा तुरुंगात गेला की बायकोला पाणवठ्यावर टोमणे, मुलाला शाळेत टोपणनाव, लग्नकार्यात आमंत्रणाला फाटा, आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर घराला वाळीत टाकण्याची भाषा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली महाराष्ट्रास स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच सारे आले. ज्याचा गुन्हा अजून न्यायाधीशानेही ठरवलेला नाही त्याच्या लेकरांना गावाने शिक्षा द्यावी, हा कोणता न्याय? ज्याच्या हातून दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त झाले, त्याच्या घराविषयी गावाला कळवळा कसा वाटावा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. ज्याच्यावर आघात झाला त्याचे दुःख आम्ही हलके लेखीत नाही. त्याला न्याय मिळालाच पाहिजे, आणि लवकर मिळाला पाहिजे. पण आरोपीच्या बायकोला एस.टी.च्या तिकिटापुरते पैसे उसने दिल्याने त्या न्यायात उणे काय पडते, हे आम्हांस अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

कैद्यास शक्यतो त्याच्या घराजवळच्या तुरुंगात ठेवावे, असे संयुक्त राष्ट्रसंघाने 2015 साली नेल्सन मंडेला यांच्या नावे संमत केलेल्या नियमांत म्हटले आहे. गुहागरला नवा तुरुंग बांधा असे आम्ही म्हणत नाही. मात्र जागेच्या टंचाईपायी कच्च्या कैद्यास दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचे झाले, तर घरच्यांस आधी कळवले पाहिजे. दारी आल्यावर नव्हे. ‘ई-मुलाकत’ नावाची दृक्‌श्राव्य भेटीची सोय सरकारने केली आहे. ती खलाशाच्या बायकोने स्वतःच्या हाताने मोबाइलवर नोंदवावी ही अपेक्षा अंमळ भाबडी आहे. अंजनवेलच्या ग्रामपंचायतीत आठवड्यातून एक ठरावीक वेळ त्यासाठी राखून ग्रामसेवकाने ती नोंद करून द्यावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गरिबाला फुकट वकील देते, ही वार्ताही तिला तेथेच मिळावी. आणि लांबून आलेल्या माणसाची वेळ अर्ध्या तासाने चुकली तर त्याला त्याच दिवशी आत घेण्याचा अधिकार अधीक्षकांनी दारावरच्या शिपायास लेखी द्यावा.

आमच्या नगर परिषदेकडे मागणे त्याहून लहान आहे. एस.टी. स्थानकात मुलाकतीचे वार, वेळा आणि सोबत आणावयाचे कागद यांची एक पाटी ठळक मराठी अक्षरांत लावावी. तुरुंगाकडे जाण्याचा रस्ताही तीवर बाणाने दाखवावा, म्हणजे परगावच्या बाईला तो चारचौघांत विचारावा लागणार नाही.