ठळक अक्षरांविषयीं

विद्यार्थिमित्रहो, आपलीं भित्तिपत्रकें पाहतां असें दिसतें कीं, जाड अक्षर तेंच सुंदर अशी आपली समजूत झाली आहे. ती मला मान्य नाहीं.

इंग्लंडांतील शेफील्ड येथील स्टीफन्सन ब्लेक या टाईप-फाउंड्रीनें १९६५ सालीं जेफ्री ली यांनीं रेखिलेला 'इंपॅक्ट' नांवाचा टाईप काढिला. त्याचें अक्षर उंच, अरुंद व भिंतीसारखें भरीव. पोटांतील पोकळी अगदींच थोडी. दोनतीन शब्द दुरून दिसावे एवढेंच त्याचें काम, आणि तें तो उत्तम करितो. त्यांत सबंध उतारा छापिला तर मात्र डोळा थकतो.

आपल्या नागरींत हें संकट अधिकच. घ व ध, भ व म यांतील भेद बऱ्याच अंशीं शिरोरेषेंतील एका लहानशा खंडावर अवलंबून. अक्षर फुगलें कीं तो खंड बुजलाच.

दोष मुलांनाच कां द्यावा? गेल्या वर्षीं शिष्यवृत्तीची सूचना मींच सगळी जाड टाईपांत लाविली. सर्वच ओळी सारख्या ओरडूं लागल्या. अर्जाची शेवटची तारीख एका गरीब मुलाच्या नजरेंतून सुटली व त्याचा अर्ज राहिला. यंदाच्या सूचनेंत तारीख तेवढी ठळक आहे.