सत्याला पारखे झालेले साम्राज्य

१९९१ च्या डिसेंबरची २५ तारीख. त्या रात्री मॉस्कोच्या क्रेमलिनवरील कोयता-हातोड्याचा लाल ध्वज खाली उतरला आणि पृथ्वीच्या जवळजवळ एक षष्ठांश भूभागावर पसरलेले सोव्हिएट संघराज्य इतिहासजमा झाले. या राज्यावर परचक्र आले नव्हते. त्याचे लक्षावधींचे सैन्य शाबूत होते, हजारो अण्वस्त्रे जागच्या जागी होती, गुप्त पोलिसांची दप्तरे भरलेली होती. तरीही अवघ्या चौऱ्याहत्तर वर्षांत हे महाराज्य कोसळले आणि ते वाचविण्यासाठी श्रमिकांचे लोंढे काही रस्त्यावर उतरले नाहीत! असे का घडावे, हा प्रश्न एकट्या रशियाचा नाही. लोकशाहीत राहणाऱ्या प्रत्येक सुबुद्ध नागरिकाने तो स्वतःस विचारला पाहिजे.

ज्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. झारशाहीच्या टाचेखाली भरडलेल्या आणि महायुद्धात पोळलेल्या जनतेला १९१७ साली लेनिनने शांतता, भाकरी आणि जमीन यांचे अभिवचन दिले. निरक्षरांचा तो देश दोन-तीन दशकांत साक्षर झाला. १९२८ पासूनच्या पंचवार्षिक योजनांनी तेथे पोलादाचे प्रचंड कारखाने उभे केले. पुढे सुमारे २ कोटी ७० लाख माणसांचे बलिदान देऊन याच देशाने हिटलरचे कंबरडे मोडले. १९५७ साली स्पुटनिक आणि १९६१ साली गागारिन अंतराळात पाठवून त्याने जगास थक्क केले. स्टालिनग्राडचा पोवाडा आमच्याच अण्णा भाऊ साठ्यांनी रचला. भिलाईचा पोलाद कारखाना आणि पवईची तंत्रविद्येची संस्था यांना सोव्हिएट साहाय्य लाभले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

मग या वृक्षाला कीड लागली कोठे? आमच्या मते ती पहिल्याच हिवाळ्यात लागली. क्रांतीनंतर लगेच घटनासमितीसाठी निवडणुका झाल्या आणि बोल्शेव्हिकांना त्यांत चौथ्या हिश्शाच्या आसपासच मते पडली. जानेवारी १९१८ मध्ये ती समिती एकदाच भरली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारास कुलूप लागले. विरोधी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी त्याआधीच सुरू झाली होती. १९२१ साली क्रोनस्टाट येथील नाविकांनी सोव्हिएटांच्या मुक्त निवडणुका मागितल्या. हे नाविक म्हणजे एके काळचे क्रांतीचे भूषण. त्यांनाही तोफांनी उत्तर मिळाले. राज्यकर्त्यांना अप्रिय सत्य ऐकविण्याचा एकेक मार्ग असा बंद होत गेला.

त्याचे फळ काय मिळाले ते एका खानेसुमारीच्या कथेवरून कळेल. सक्तीच्या सामुदायिक शेतीने १९३२-३३ साली युक्रेन, कझाकस्तान व व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला. पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली आणि त्याच काळात धान्य परदेशी विकले जात होते. १९३४ साली स्टालिनने देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख असल्याचे जाहीर केले. १९३७ च्या जानेवारीत शिरगणती झाली, तेव्हा ती १६ कोटी २० लाखच भरली! मेलेली माणसे मोजणीत येणार कोठून? परंतु शासनाने दोष स्वतःकडे न घेता आकड्यांना दिला. ती खानेसुमारी रद्द झाली, ती करणारे संख्याशास्त्रज्ञ तुरुंगात गेले, काहींना गोळ्या घालण्यात आल्या. १९३९ साली नवी गणती झाली आणि ती १७ कोटींवर गेली. खरा आकडा सांगणाऱ्यास जेथे प्राणदंड होतो, तेथे पुन्हा खरा आकडा कोण सांगणार?

स्टालिनच्या मृत्यूनंतर १९५६ साली ख्रुश्चेव्हने त्याच्या अत्याचारांचा पाढा वाचला, तोही बंद दाराआड. ते भाषण सोव्हिएट वाचकांस छापील रूपात मिळण्यास १९८९ साल उजाडावे लागले. १९६२ साली नोवोचेरकास्क येथे महागाईविरुद्ध संप करणाऱ्या कामगारांवर गोळीबार झाला आणि कामगारांच्या या राज्याने ती गोष्ट कित्येक वर्षे दडवून ठेवली. असत्य अशा रीतीने राज्याच्या अंगवळणी पडले. वरून अवास्तव लक्ष्ये येत, खालून ती पुरी झाल्याचे खोटे अहवाल जात. उझबेकिस्तानात कधी पिकलाच नाही अशा लक्षावधी टन कापसाचे पैसे मॉस्कोने मोजले. युक्रेनची काळी कसदार जमीन पदरी असलेला हा देश १९६३ पासून परदेशांतून गहू आणू लागला.

शेवटी १९८६ च्या २६ एप्रिलला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. स्वीडनमधील यंत्रांनी हवेतील किरणोत्सार टिपला, त्यानंतर २८ तारखेच्या सायंकाळी मॉस्कोने चार ओळींचे निवेदन केले. १ मे रोजी कीव्हच्या रस्त्यांवरून मुलाबाळांसह मिरवणूकही निघाली. अणूला आज्ञा करता येत नाही, त्याला सायबेरियात धाडता येत नाही, हे तेव्हा राज्यकर्त्यांना कळले.

गोर्बाचेव्हने दोर सैल सोडला म्हणून राज्य बुडाले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस हे मान्य नाही. त्याने खिडकी उघडली हे खरे. पण वाऱ्याच्या झुळुकीने घर कोसळत असेल, तर दोष झुळुकीचा नव्हे, भिंतींचा! १९९१ च्या ऑगस्टमध्ये कर्मठांनी रणगाडे आणून खिडकी पुन्हा लावून पाहिली. तीन दिवसांत ते पालथे पडले आणि १ डिसेंबरला युक्रेनच्या नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याचा कौल दिला.

दुःखाची गोष्ट अशी की, रशियानेच हा धडा गिरविला नाही. स्टालिनच्या बळींची नावे कष्टाने गोळा करणारी ‘मेमोरियल’ ही संस्था २०२१ च्या डिसेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने विसर्जित केली.

पण रशियाला नावे ठेवून आपली सुटका नाही. आपल्या सुशिक्षित घरांतून, दिवाणखान्यातील चहाबरोबर, ‘या देशाला एखादा हुकूमशहाच पाहिजे’ हे वाक्य किती सहज उच्चारले जाते! गोंगाट करणारी विधिमंडळे, टीका करणारी वृत्तपत्रे, शासनाचा आकडा खोटा पाडणारा एखादा चिकट संशोधक यांचा आपणांस वीट येतो. शिस्त हवी, कामे झटपट व्हावीत, ही इच्छा गैर नव्हे. परंतु सोव्हिएट रशियात शिस्तीची वाण कधीच नव्हती. वाण होती ती राजाला ‘महाराज, हे चुकत आहे’ असे सांगून रात्री स्वतःच्या घरी निर्धास्त झोपू शकणाऱ्या माणसाची. असा माणूस आपल्याकडे आज आहे. तो राहील की नाही, हे आपण त्याचा किती वेळ कंटाळा न करता ऐकतो, यावर अवलंबून आहे.