इंजिन बाहेर, जबाबदारी कोणाची?

शमशाबादला विमानांची इंजिने दुरुस्त होणार, ही बातमी ऐकून आपल्या हैदराबादच्या मराठी घरांत आनंद झाला. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी साफ्रान या फ्रेंच कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले. २०३५ पर्यंत वर्षाला ३०० 'लीप' इंजिनांची क्षमता सांगितली आहे. आपली मुले तिथे नोकरीस लागोत, आम्हांस हवेच आहे. पण पेढे वाटताना कोणी विचारले नाही, ते आम्ही विचारतो. विमान कंपनी आपले इंजिन दुसऱ्याच्या हाती देते, तेव्हा त्या हातांवर नजर कोणाची?

"कारखान्याला परवाना आहे ना!" हे उत्तर आम्हांला पुरत नाही.

८ जून १९९५ रोजी अमेरिकेत अटलांटाच्या धावपट्टीवर व्हॅल्यूजेट कंपनीच्या डीसी-९ विमानाचे उजवे इंजिन वेग घेतानाच फुटले. तुकडे विमानात घुसले, इंधनाची नळी तुटली, आग लागली. सगळे वाचले, पण एक हवाई सेविका गंभीर जखमी झाली आणि विमान कायमचे गेले. त्या इंजिनाची तपासणी पूर्वी तुर्की विमान कंपनीच्या कारखान्यात झाली होती. आतल्या चकतीला गेलेला तडा नीट पाहिला असता तर तिथेच सापडला असता, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद करणारे कागदच तिथे वापरत नव्हते, हेही कारणांत नमूद झाले.

हे वाचून आम्ही बँकवाले थक्क झालो. आमच्याकडे पाचशे रुपयांच्या व्हाउचरलाही दोन सह्या लागतात, लिहिणाऱ्याची वेगळी आणि तपासणाऱ्याची वेगळी. एटीएममध्ये नोटा भरायचे काम बाहेरच्या एजन्सीकडे गेले, तरी रोकड जुळवणे आमच्याच गळ्यात राहिले. एका दिवाळीत फरक निघाला तेव्हा रात्री नऊपर्यंत आम्ही बसलो होतो, एजन्सीचा माणूस नव्हे.

सह्याही खोट्या असू शकतात म्हणा. लंडनच्या एओजी टेक्निक्सने बनावट दाखल्यांवर इंजिनांचे सुटे भाग विकले. २०२३ मध्ये ते उघडकीस आले ते लिस्बनच्या कारखान्यातल्या तंत्रज्ञांना कागद पाहून शंका आली म्हणून. ते भाग अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांच्या इंजिनांतही सापडले, आणि डेल्टाच्या इंजिनांत ते बाहेरच्या दुरुस्ती कारखान्यामार्फतच आले होते.

आपल्याकडे नियमाने विमान उडण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, मग काम कोणीही करो. पण कंपनीवर लक्ष ठेवायचे ते डीजीसीएने, आणि तिथे १०६३ मंजूर पदांपैकी ५५३च भरलेली असल्याचे २०२५ मध्ये संसदीय समितीपुढे आले. अर्धी टेबले रिकामी ठेवून शाखा चालवली तर रिझर्व्ह बँक आम्हांला उभे करील!

आमची मागणी सरळ आहे. इंजिन कारखान्यात उघडे असेपर्यंत विमान कंपनीचा स्वतःचा अभियंता तिथे हजर असावा आणि महत्त्वाच्या प्रत्येक टप्प्यावर त्याची सही असावी. डीजीसीएची पदे भरावीत, तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. रविवारी सकाळी येऊन सही करावी, आणि ज्यांची मुले या धंद्यात आहेत त्यांनी मसुद्यात काही चुकले असेल तर जरूर सांगावे.