हातावरची पुरळ नशिबाची नाही, कूलंटची आहे

रविवारची बुद्धवंदना झाली की आम्ही काहीजण विहाराच्या ओट्यावर रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. आमच्यापैकी दोघांनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे लेथवर आणि मिलिंग मशीनवर काढली आहेत. त्यामुळे समोर बसलेल्या माणसाच्या यंत्रावरच्या आकड्याआधी आमची नजर त्याच्या हाताकडे जाते. मध्यंतरी एक तरुण आला. आयटीआय झालेला, एमआयडीसीत ठेकेदाराकडून सीएनसी ऑपरेटर म्हणून लागलेला. उकाडा असूनही पूर्ण बाह्यांचा शर्ट. पट्टा बांधायला बाही वर करायला सांगितली तर तो घुटमळला. "काका, खरूज आहे. मेडिकलवाल्यानं मलम दिलंय, जाईल."

ती खरूज नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या तोंडाच्या बारीक पुटकुळ्या होत्या. बोटांच्या बेचक्यातली कातडी कोरडी पडून चिरलेली होती. मांड्यांवरही तसेच आहे, हे त्याने हळू आवाजात सांगितले. चार महिने तो मलम लावत होता. आंघोळीत चूक होते, पाणी खराब आहे, अंगातच दोष आहे, असे त्याला वाटत होते. घरात लग्नाची बोलणी सुरू होती, म्हणून हात झाकून ठेवायचा. आम्ही विचारले, "कूलंट कोणतं वापरता? टाकी शेवटची कधी धुतली?" तो आमच्याकडे बघतच राहिला. हा प्रश्न त्याला कोणत्याही डॉक्टरने विचारला नव्हता.

आरोग्याच्या पानावर लेथ आणि कूलंट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड, शिरोली, बुटीबोरी या औद्योगिक पट्ट्यांना लागून असलेल्या आपल्या वस्त्यांमध्ये जाऊन पाहावे. प्रत्येक गल्लीत एक-दोन घरे तरी मशीनवर चालतात. आणि त्या मशीनचा आजार घरात येतो तेव्हा त्याला कोणी मशीनचा आजार म्हणत नाही.

धातू कापताना प्रचंड उष्णता तयार होते. ती ओढून घ्यायला, टूल आणि जॉब यांच्यातले घर्षण कमी करायला आणि चिप्स वाहून न्यायला कूलंट लागते. काही कामांना शुद्ध तेल वापरतात. बहुतेक ठिकाणी पाण्यात पाच ते दहा टक्के तेल मिसळून केलेले दुधासारखे पांढरे कूलंट असते. मिनिटाला दहा-वीस लिटरची धार फिरत्या चकवर पडली की तिचे तुषार उडतात, काहींची वाफ होते आणि शेडमध्ये धुके धरते. ते धुके अंगावर बसते, श्वासातून छातीत जाते. शुद्ध तेलाने भिजलेले कपडे अंगाला घासले की केसांची मुळे बुजून पुटकुळ्या येतात. पाण्यातले कूलंट अल्कलीयुक्त असते. ते कातडीतला नैसर्गिक तेलकटपणा काढून टाकते, मग भेगा आणि खाज. त्यात जंतू मरावेत म्हणून घातलेली रसायने, आणि जॉबमधून सुटलेले निकेल, क्रोमियम, कोबाल्टचे अंश. कातडी एकदा या पदार्थांना चिडली की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो.

सोमवारी सकाळी पंप चालू केल्यावर येणारा कुजका वास प्रत्येक ऑपरेटरला ठाऊक आहे. सुट्टीत टाकी स्थिर राहते आणि तिच्यात जंतू वाढतात. तेच जंतू तुषारांवर बसून फुप्फुसात जातात. दमा आणि फुप्फुसाची ॲलर्जिक सूज हे आजार अशा कूलंटशी जोडलेले आहेत. म्हणून आम्ही एक साधी खूण सांगतो : खोकला किंवा छातीतली घरघर सुट्टीच्या दिवशी कमी होत असेल आणि कामावर गेल्यावर पुन्हा वाढत असेल, तर संशय कामावर घ्या, थंडीवर नको.

ही माहिती नवी नाही. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. पुढे इंग्लंडच्या सूतगिरण्यांत यंत्राच्या तेलाने कपडे भिजणाऱ्या कामगारांत तोच रोग दिसला. अशुद्ध किंवा अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेले माणसाला कर्करोग करतात, हे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मान्य केलेले आहे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९८ साली शिफारस केली की कामाच्या जागी हवेत कूलंटचे धुके घनमीटरला एकूण ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. आपल्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत खनिज तेलाच्या धुक्याची मर्यादा ५ मिलिग्रॅम होती, म्हणजे दहापट. आणि तीसुद्धा मोजायला कोणी आलेले आम्ही आमच्या नोकरीत पाहिले नाही.

आता कूलंटइतक्याच महत्त्वाच्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ, ती म्हणजे कापण्याचा वेग. मशीनवर तीन आकडे ठरवावे लागतात : वेग, फीड आणि कटची खोली. टार्गेट वाढले की सुपरवायझर पहिला हात वेगाला लावतो. ५० मिलिमीटर व्यासाचा जॉब ६०० फेऱ्यांनी फिरत असेल तर कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे ९४ मीटर. तो २० टक्के वाढवून ७२० फेऱ्या केल्या की ११३ मीटर. अमेरिकन अभियंता टेलर याने १९०७ साली मांडलेले टूलच्या आयुष्याचे सूत्र आजही शिकवतात. त्यातला घातांक कार्बाईडसाठी साधारण ०.२५ धरला, तर एवढ्याशा वाढीने इन्सर्टचे आयुष्य निम्म्यावर येते. उष्णता वाढते, धूर वाढतो, तुषार अधिक बारीक होऊन दूरवर जातात. इन्सर्ट झिजल्याचा हिशेब मालक ठेवतो. ऑपरेटरच्या छातीचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो.

तेवढाच वेळ दुसऱ्या मार्गानेही वाचवता येतो. वेग तसाच ठेवून रफिंगमध्ये फीड ०.२० वरून ०.२४ मिलिमीटर केला तरी धातू तेवढ्याच प्रमाणात जास्त निघतो, आणि उष्णता वेग वाढवल्याइतकी चढत नाही. फिनिशिंगला हे चालणार नाही, कारण पृष्ठभाग खरबरीत होईल. मशीनची ताकदही पाहावी लागेल. पण रफिंग आणि फिनिशिंग वेगळे ठेवून विचार केला तर उत्पादन आणि आरोग्य यांचे भांडण दरवेळी असतेच असे नाही. पुष्कळदा ते भांडण आळसाने लावलेले असते.

याच विचारातून किमान वंगणाची पद्धत आली. कारखान्यात तिला एमक्यूएल म्हणतात. तिच्यात कूलंटची धार नसते. दाबाखालच्या हवेबरोबर तेलाचे अगदी थोडे थेंब नेमके टूलच्या धारेवर सोडले जातात. ताशी साधारण १० ते १०० मिलिलीटर, म्हणजे बऱ्याचदा तासाला एका कटिंग चहापेक्षाही कमी. तेल बहुधा वनस्पतिजन्य असते. टाकी नाही, म्हणून कुजका वास नाही. हात भिजत नाहीत, जमीन निसरडी होत नाही, चिप्स जवळजवळ कोरड्या निघतात. खराब कूलंट रात्री नाल्यात सोडण्याचा प्रश्नही उरत नाही, आणि तो नाला बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतून वाहतो. जर्मनीच्या वाहन उद्योगात १९९० च्या दशकात मांडलेल्या हिशेबात कूलंटचा खर्च उत्पादनखर्चाच्या ७ ते १७ टक्के निघाला होता, तर टूलचा फक्त २ ते ४ टक्के. म्हणजे या बदलात मालकाचाही फायदा आहे.

आमचे स्पष्ट मत असे : जिथे शक्य आहे तिथे ही पद्धत यावी, आणि ती मागण्याचा हक्क कामगाराला असावा. पण आम्ही तिला जादू मानत नाही. खोल भोके पाडणे, ग्राइंडिंग, टायटॅनियम किंवा निकेलच्या मिश्रधातूंचे काम यांत नुसत्या थेंबांनी भागत नाही. थेंब थोडे असले तरी अतिशय बारीक असतात आणि थेट श्वासात जातात. म्हणून मशीनला बंद दार आणि धुके ओढणारा एक्झॉस्ट हवाच. शिवाय इथे पाण्यासारखी थंडाई मिळत नाही, त्यामुळे वेग, फीड आणि इन्सर्ट नव्याने ठरवावे लागतात. जुनाच वेग ठेवून कूलंटचा नळ तेवढा बंद केला आणि एक स्प्रे बाटली टांगली, तर तेल जळून धूर होईल आणि ऑपरेटर आगीतून फुफाट्यात पडेल. ती पैशाची बचत झाली. तिला आरोग्याचे नाव देऊ नये.

आपल्या समाजातही आता कारखानदार आहेत. दोन लेथ आणि एक व्हीएमसी कर्जावर घेऊन गाळा चालवणारे भाऊ आम्हाला माहीत आहेत. ते म्हणतील, "मोठ्या कंपनीनं भाव पाडलाय, एक्झॉस्ट कुठून लावू?" ही अडचण खोटी नाही. पण कूलंटचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने तपासणे, वर तरंगणारे तेल रोज काढणे, टाकी वेळेवर धुणे, मशीनचे दार बंद ठेवून काम करणे, हात धुवायला साबण आणि स्वच्छ पाणी देणे याला कर्ज लागत नाही. सम्यक आजीविका म्हणजे आपली भाकरी दुसऱ्याच्या शरीराच्या मोलाने न मिळवणे, असा अर्थ आम्ही घेतो. तो मालकालाही लागू आहे, मग तो आपला असो की परका.

कामगार भावांना आणि मशीनवर काम करणाऱ्या बहिणींना काही सांगणे. हात रॉकेल, थिनर किंवा पेट्रोलने धुऊ नका, सौम्य साबण वापरा आणि नंतर खोबरेल लावा. अंगावरच्या चिप्स हवेच्या नळीने उडवू नका. तेलाची चिंधी खिशात ठेवू नका, मांडीवरच्या पुटकुळ्या तिथूनच येतात. फिरत्या चकजवळ हातमोजे घालू नका, मोजा अडकला की हात जातो. टाकीत थुंकू नका, उरलेला चहा ओतू नका. कामाचे कपडे कारखान्यातच बदला आणि घरी वेगळे धुवा, कारण ते धुणाऱ्या हातांनाही तोच त्रास होतो. दुकानदाराने दिलेले स्टेरॉईडचे मलम महिनोन्‌महिने लावू नका. त्याने कातडी पातळ होते आणि खरा आजार झाकला जातो. अंगावरची न भरणारी जखम किंवा वाढणारी चामखीळ, विशेषतः जांघेत किंवा अंडकोषावर, लाज बाजूला ठेवून लगेच दाखवा. आणि डॉक्टरकडे गेल्यावर पहिले वाक्य हेच बोला : "मी मशीनवर काम करतो, कूलंटशी संबंध येतो."

हे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण ते कागदावर आले तरच कायदा जागा होतो. खनिज तेलाने होणारी पुरळ आणि त्वचादाह हे कारखाने कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतले, सरकारला कळवण्याचे आजार होते. २०२० च्या नव्या संहितेतही अशी यादी आहे. कळवण्याची जबाबदारी कारखान्याच्या व्यवस्थापनावर आहे आणि तपासणाऱ्या डॉक्टरवरही. ज्यांचे ईएसआय कापले जाते त्यांनी ईएसआयच्या दवाखान्यात कामाची नोंद करवून घ्यावी, कारण कामातून झालेल्या आजाराचे हक्क वेगळे असतात. ज्यांचे कापले जात नाही त्यांनी ठेकेदाराला विचारावे, आणि एकट्याने विचारू नये, चौघांनी मिळून विचारावे.

काही पालक आम्हाला म्हणतात, "मग पोरांना या धंद्यातून काढूनच घ्यावं." आम्ही तसे म्हणत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत एके काळी विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, म्हणून. चांगला पगार आणि चांगले कसब त्याच खात्यात होते. बाबासाहेबांनी तो प्रश्न गिरणी कामगारांच्या संपाच्या वेळी उघडपणे मांडला. आज आपली मुले मायक्रोमीटर धरतात, शतांश मिलिमीटरचे काम करतात. हे कसब आम्ही सोडणार नाही, ते निरोगी शरीराने करता यावे एवढेच मागतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाचा आठवडा ४८ तासांवर आणण्यासाठी कायदा पुढे नेला. आज आपली मुले बारा तासांच्या पाळ्या करतात आणि तेवढे तास त्या धुक्यात उभी राहतात. तासांची लढाई आणि हवेची लढाई एकच आहे.

तथागतांनी आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदांबरोबर स्वतः धुतले, ही कथा आपण विहारात ऐकतो. त्यांनी त्याला तुझे पूर्वकर्म असे म्हटले नाही, पाणी आणायला सांगितले. प्रत्येक दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, हीच धम्माची शिकवण. म्हणून आमची विनंती आहे की येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक रविवार मशीनवर काम करणाऱ्यांसाठी ठेवावा. त्वचेचा एक डॉक्टर, छातीचा एक डॉक्टर आणि एक वही. वहीत नाव, काम, कूलंटचा प्रकार आणि किती वर्षे काम केले, एवढे लिहावे. दहा वस्त्यांतल्या दहा वह्या एकत्र आल्या की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या दारात जायला आपल्याकडे पुरावा असेल.

तो तरुण पुढच्या रविवारी पुन्हा आला, या वेळी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. पुरळ अजून होती, पण त्याने हात लपवले नव्हते. बरोबर पाळीतल्या तिघांना घेऊन आला होता. आम्ही चौघांची नावे वहीत लिहून घेतली.

जय भीम.