‘फिरंग’, ‘गुप्त’ आणि आपले विद्यार्थी

विद्यार्थ्यांच्या लैंगिक आरोग्याचा प्रश्न निघाला, की तो वैद्यकाकडे किंवा नीतिशास्त्राकडे सोपवून साहित्याचे अध्यापक मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या प्रश्नाचा मोठा भाग भाषेचा आहे आणि म्हणून तो आपलाही आहे.

माहितीचा अभाव हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते खोटे नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रिया व ३१ टक्के पुरुष यांनाच एचआयव्हीविषयी सर्वांगीण ज्ञान असल्याचे आढळले. परंतु ज्याला धोका ठाऊक आहे, तोही पुष्कळदा तो स्वतःला लागू करीत नाही. नील वाइनस्टाइन यांनी १९८० साली अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनिष्ट घटना आपल्यापेक्षा इतरांच्याच वाट्याला अधिक येतील, असे मानण्याकडे त्या विद्यार्थ्यांचा कल होता.

ही समजूत शब्दांत फार पूर्वीपासून मुरलेली आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त सिफिलिसला ‘फिरंग’ म्हटले आहे. म्हणजे तो फिरंग्यांचा रोग. १५३० साली फ्राकास्तोरो याच्या ज्या लॅटिन काव्याने ‘सिफिलिस’ हे नाव जगाला दिले, त्याच्या शीर्षकातच तो फ्रेंचांचा रोग ठरला आहे; फ्रेंच लोक तो नेपल्सचा म्हणत. आजचा विद्यार्थी परक्या देशाऐवजी परक्या माणसांकडे बोट दाखवितो: हे ‘तसल्या’ लोकांना होते. आपली व्यक्ती चांगल्या घरची, शिकलेली, दिसायला निरोगी. मग शंका कशाला? वास्तविक एचआयव्हीची बाधा वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहू शकते आणि क्लॅमिडियाची बाधाही बहुधा लक्षणे दाखवीत नाही.

दुसरा शब्द ‘गुप्तरोग’. मराठी, हिंदी आणि कन्नड या तिन्ही भाषांना तो परिचित आहे. लपविण्याचा आदेश त्या नावातच असल्यामुळे रोगी वैद्याकडे उशिरा जातो आणि जोडीदाराला तर सांगतच नाही. बंगळुरूच्या एकाच वर्गात निरनिराळ्या मातृभाषांची मुले बसतात. धोक्याविषयीचे त्यांचे ज्ञान इंग्रजीत असते, परीक्षेतील उत्तरासारखे नीटनेटके. लाज, आर्जव आणि रुसवा मात्र घरच्या भाषेत. त्या भाषेत ‘तपासणी करून घेतलीस का?’ हा प्रश्न अविश्वासासारखा ऐकू येतो. म्हणून तो विचारलाच जात नाही, आणि ज्ञान व वर्तन यांची फारकत येथेच होते.

आपल्या भाषांना हे बोलणे अशक्य नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून या विषयासाठी सरळ, निर्भीड मराठी गद्य घडविले. संततिनियमनाच्या कार्यापायी त्यांनी विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी गमावली होती. पुढे अश्लीलतेचे खटलेही सोसले. बंगळुरू ज्या म्हैसूर संस्थानात होते, त्याने १९३० साली सरकारी संततिनियमन केंद्रे उघडली. असा वारसा असताना २००७ साली महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी शाळांतील किशोरशिक्षणाचा कार्यक्रम रोखला. तेव्हा शाळेत असलेली मुले पुढे आपल्याच वर्गांत येऊन बसली.

उघड बोलण्याने स्वैरपणा वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. तो घेणारे हे विसरतात की वर्तन आपल्या अनुमतीची वाट पाहत नाही. मौनामुळे केवळ मदत लांबते.

भाषाविभागांनी येथे एक मर्यादित काम अंगावर घ्यावे. विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रातील डॉक्टरांबरोबर बसून, विद्यार्थ्यांकरवीच, प्रत्येक भाषेत थोडी वाक्ये सिद्ध करावीत: जोडीदाराला तपासणीविषयी कसे विचारावे, औषधाच्या दुकानात कंडोम कसा मागावा, डॉक्टरांना लक्षण कसे सांगावे. ती वाक्ये कोणालाही न दुखावता उच्चारता आली पाहिजेत. पारिभाषिक कोश आपण पुष्कळ केले. तोंडातून सहज निघेल असे एक वाक्य घडविणे हे त्याहून अवघड, आणि आज अधिक निकडीचे आहे.