जांभळाची भुकटी आणि मधुमेहाची गोळी

एप्रिल-मे महिन्यांत गगनबावड्याच्या वाटेवर रस्त्याकडेला करवंदे, जांभळे घेऊन बसलेल्या बायका हमखास दिसतात. पानाच्या द्रोणातला हा रानमेवा पाऊस सुरू झाला की संपतो. हल्ली मात्र जांभळाचा रस, बियांची भुकटी आणि कॅप्सूल बारमाही मिळतात, आणि वेष्टनावर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक छापलेला असतो. या शब्दाच्या भरवशावर काही रुग्ण मधुमेहाची गोळी परस्पर बंद करतात. म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

पिकल्या करवंदाचा आणि जांभळाचा गडद रंग अँथोसायनिन या द्रव्यांमुळे येतो. ती फ्लॅव्होनॉइड कुळातली. पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा ‘मुक्त मूलके’ तयार होतात. एक इलेक्ट्रॉन सुटा राहिल्याने ती अस्थिर असतात आणि शेजारची प्रथिने, स्निग्ध द्रव्ये, डीएनए यांना इजा करू शकतात. फ्लॅव्होनॉइड त्यांना हायड्रोजनचा अणू देऊन शांत करतात. युरोपीय स्वयंपाकातल्या थाइममधला थायमॉलही हेच काम करतो. तो आपल्या ओव्यात भरपूर आहे, तेव्हा थाइमची महागडी बाटली मागवणाऱ्याने आधी घरचा मिसळणाचा डबा उघडून पाहायला हरकत नाही!

प्रयोगशाळेत ही क्षमता मोजणे सोपे असते. डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात फळाचा अर्क टाकतात. जांभळा रंग उतरून द्रावण जितके पिवळे पडेल, तितका अर्क प्रभावी. पण परीक्षानळीत ना आतडे असते, ना यकृत. पोटात गेलेल्या फ्लॅव्होनॉइडचा थोडाच भाग रक्तात पोहोचतो, आणि शरीर त्यालाही परका समजून, त्याचे रूप पालटून बाहेर टाकते. रक्तात आधीपासून असलेल्या यूरिक आम्लाच्या तुलनेत त्याचे प्रमाण अगदीच किरकोळ. खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकले, ते याच कारणाने. कंपन्या त्यांचा जाहिरातीसाठी सर्रास गैरवापर करत होत्या.

‘फायदा नसेल, पण तोटा तरी काय?’ असे विचारले जाते. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन हेही अँटिऑक्सिडंटच, जरी ते फ्लॅव्होनॉइड नसले तरी. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतली अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गाजरातले तेच द्रव्य कुणाला बाधत नाही. गोळीतली एकवटलेली मात्रा ही वेगळी गोष्ट आहे.

जांभूळ आणि साखर यांचा संबंध आपल्याकडे फार जुना मानला जातो. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत बियांच्या अर्काने साखर उतरलीही. ब्राझीलमध्ये मात्र मधुमेही रुग्णांना जांभळाच्या पानांचा चहा देऊन त्याची नेहमीच्या गोळीशी तुलना केली गेली. गोळीने साखर उतरली, चहाने नाही. बियांवर माणसांत पुरेशा मोठ्या, काटेकोर चाचण्या होत नाहीत, तोवर भुकटीला गोळीच्या जागी बसवणे धोक्याचे आहे. साखर वाढलेली लगेच जाणवत नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा हळूहळू खराब होत राहतात. पायाची जखम चिघळल्यावर डोंगरातल्या वाडीवरून मोठे रुग्णालय गाठायचे, तेही ऐन पावसाळ्यात, म्हणजे काय हे गगनबावड्याच्या माणसाला सांगायला नको.

रानमेवा जरूर खावा. त्यात चोथा आहे, चव आहे, आणि विकणाऱ्या बाईच्या हातात चार पैसे पडतात. मधुमेहींनी मूठभर जांभळे खाल्ली तर चालतील, पण बाटलीबंद सरबतातली साखर नको. भुकटी घेत असाल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका, गोळी चालूच ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासून घ्या.